पत्रे उडाले तेव्हाची आमची गल्ली

वादळाचे किस्से संपत नाहीत. आमच्या फरीदाबादच्या गल्लीत दोन माणसं चहाला बसली की एक जण सुरू करतो आणि दुसरा त्याला दुरुस्त करतो. मी दहावीच्या पुढे गेलो नाही, त्यामुळे जसं आठवतं तसं लिहितो.

आमचा सेक्टर तेव्हा नवा होता. निम्मी घरं अर्धवट, वर पत्र्याच्या शेड. आंधी इकडे दर उन्हाळ्यात येते, पण त्या संध्याकाळची वेगळीच होती. बघता बघता पत्रे, खांब, झाडं, सगळं आडवं. समोरच्या ढिल्लन अंकलची शेड सुटली, म्हणून माझा दादा त्यांच्या छतावर ती धरायला गेला. पत्रा त्याला घेऊनच खाली आला. दादा गेला.

तेव्हापासून आई बोलेना. ढिल्लन अंकल रोज आमच्या गेटपर्यंत यायचे, उभे राहायचे, परत जायचे. आई त्यांच्याकडे बघायची नाही.

*

पाण्याच्या टाक्या सगळ्यांच्या काळ्या, आणि सगळ्याच उडालेल्या. पोरांनी त्या कुठून कुठून गडगडवत आणल्या. ज्याला जी मिळाली ती त्याने चढवली. बॅनर्जीबाई आजही आमच्या छताकडे बघून म्हणतात, "वो वाली हमारी थी. हमारी में ढक्कन था."

*

लाइट गेली ती आठवडाभर. सुतकात आमच्याकडे गॅस पेटणार नव्हता, आणि गल्लीतले सगळे फ्रिज बंद. त्यामुळे आमच्या दारात पनीर, आइस्क्रीम, बॅनर्जींचे मासे, सगळंच आलं. बाबा सरकारी ऑफिसात सेक्शन ऑफिसर. डबे बघून म्हणाले, "हे सांत्वन आहे की डिस्पोजल?"

आईने कशाला हात लावला नाही. मी आइस्क्रीम खाल्लं. वितळत होतं.

*

रस्ता मोकळा करणाऱ्यांत मी कुऱ्हाड घेऊन शिरलो. कुणी बोलावलं नव्हतं, पण घरात बसवत नव्हतं. दुपारभर तोडत राहिलो. एका झाडाचं खोड निम्मं झालं तेव्हा एक म्हातारे गृहस्थ हळूच म्हणाले, "बेटा, ये गिरा नहीं था."

*

दिल्लीहून मराठी मंडळींचा टेम्पो आला, पुरीभाजीची पाकिटं घेऊन. माणशी एक, आणि माणूस समोर दिसला पाहिजे. हा नियम कोपऱ्यावरच्या शर्माजींमुळे झाला. त्यांनी घरात सहा माणसं सांगितली होती. त्यातला रॉकी आतून भुंकला.

*

मग टेम्पो आमच्या दारात आला. वाटप करणाऱ्या बाईंनी विचारलं, "किती जण?"

बाबा बोलायच्या आत आई म्हणाली, "चार." इतक्या दिवसांतला तिचा पहिला शब्द.

बाईंनी बघितलं. आई, बाबा, मी. "चौथे कुठे आहेत? समोर यावं लागेल हो."

मी त्यांच्या हातातली पाकिटं हिसकावून फेकणारच होतो. बाबांनी माझं मनगट धरलं.

ढिल्लन अंकल गेटशी उभे होते. मराठी त्यांना येत नाही, पण चार म्हणजे चारच. ते गेट उघडून आत आले आणि माझ्या शेजारी उभे राहिले. मान खाली.

बाईंनी त्यांची पगडी बघितली, पांढरी दाढी बघितली, मग दारावरची 'कुलकर्णी' ही पाटी बघितली.

"हे कोण?"

आईने त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं.

"माझा मोठा," ती म्हणाली. "आधी त्याला द्या."