मामांचा आवाज

माझ्या बायकोच्या मामांइतका रागीट माणूस अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात दुसरा नसेल. वडनेर भोलजीला त्यांची पिठाची गिरणी आहे. पट्ट्याच्या खडखडाटावर ओरडून त्यांचा आवाज असा झालाय, की त्यांनी जेवताना मीठ मागितलं तरी शेजारी बाहेर येऊन भांडण कुठं लागलं ते बघतात. राग मात्र जन्मापासूनचा. पंखा हळू फिरला तर पंख्यावर, जोरात फिरला तर वाऱ्यावर. चप्पल उलटी सापडली, तर तिला चार शब्द सुनावल्याशिवाय ते ती पायात घालत नाहीत.

असा हा माणूस दर श्रावणात गिरणी बंद ठेवतो, नातेवाइकांना सातपुड्याच्या जंगलात नेतो आणि दिवसभर त्यांच्यावर संतापतो. वाटाड्या तेच. "जंगलात आले का वरातीत? बोलू नका!" हे ते इतक्या जोरात सांगतात, की पहिल्या वळणावरच माकडं डोंगर सोडतात. मी एकदा सागाचं पान तोडलं, तर म्हणाले, "जवाईबापू, तुमच्या बापाचं हाय काय थे?" जावयाचा मान राखायचा म्हणून 'बापू' तेवढं शाबूत ठेवलं.

गेल्या श्रावणात आम्ही तिघंच गेलो. वर धुकं इतकं, की झाडांचे नुसते बुंधे दिसत होते. माझी बायको वंदना फोटोसाठी दरीकडच्या शेवाळलेल्या खडकावर चढली. मामा कडाडले, "मांगं सरक! अक्कल गहाण ठेवली काय?"

वंदनाही त्याच घराण्यातली. "मी काई लायनी पोरगी हाव काय? तुमच्यासंग यायचंच नव्हतं!" म्हणत ती तरातरा पुढं निघून गेली.

मग माझंही डोकं फिरलं. "मामा, माणसाशी जरा नीट बोलत जा ना!"

"मले शिकवता तुमी?"

आमची जुंपली. भानावर आलो तेव्हा धुक्यानं वाटही गिळली होती आणि वंदना कुठंच नव्हती. मी हाका मारल्या. मोबाइलला रेंज नव्हती. उजव्या हाताला दरी होती.

मामांनी छातीभर श्वास घेतला. "वंदे! कुठं मेली वं? उभी राय तिथंच! तुही मायबी अशीच हेकट! दोघीले अक्कल नाई!"

ते थांबेचनात. तिला, तिच्या आईला, मला, धुक्याला, सगळ्यांना शिव्यांची लाखोली वाहत राहिले. आणि अचानक डावीकडून चिडका आवाज आला, "मायले मंधात आणू नका!"

"आणीन! काय करशीन?"

"येते, मंग सांगते!"

"ये ना! माह्या आवाजावर ये! हळू पाय टाक, गधडे!"

भांडण पावलापावलानं जवळ येत गेलं आणि गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेली वंदना धुक्यातून बाहेर पडली. मामांनी तिच्याकडे पाहिलं आणि ते पाठ फिरवून उतरायला लागले.

पायथ्याच्या टपरीवर चहा आला. मामांनी कप उचलला, तर अर्धा चहा धोतरावर सांडला.

"मामा, काय झालं?" वंदनानं विचारलं.

"काई नाई." मग धोतर पुसून पुसून झाल्यावर, मला वाकून ऐकावं लागलं इतक्या हळू, "मले वाटलं, तू गेली."

वंदनानं त्यांच्या हातातला कप घेतला, फुंकर घातली आणि त्यांच्या ओठांना लावला. चहा पार थंड झाला होता. मामा निमूट प्यायले.