मोनूच्या पायाची माती

कुंदननं गाडी घेतली हे एकोडीच्या मोनूले कुंदनच्या तोंडून नाही, मोबाईलच्या स्टेटसवरून समजलं. काळी, लांबलचक, मोठ्या लोकायची गाडी. चौदा वर्षं जुनी, नागपूरवरून आणलेली. मोनू तवा धानाच्या बांधीत ट्रॅक्टरनं चिखल करून राहिला होता. त्यानं फोटो पायला, मोबाईल खिशात टाकला, मंग काढून आखीन पायला. गाडी नाही पायली. कुंदनच्या खांद्यावर अमरचा हात होता, तो पायला.

कुंदन सानगडीचा, कपड्याच्या दुकानवाल्या बाबूलालचा पोरगा, मोनूचा शाळेपासूनचा दोस्त. शाळेत एका पोट्ट्यानं कुंदनले मारलं म्हणून मोनूनं त्या पोट्ट्याचा दात पाडला, अन् मंग मोनूची नववीतच शाळा सुटली ते सुटलीच. त्याचं त्याले कधी वाईट नाही वाटलं. एका जागी टिकणारा तो नव्हताच. साकोलीले जुन्या गाड्यायच्या दलालाजवळ राहिला, तिथं भांडला. हार्वेस्टरवर छत्तीसगडले गेला, तिथूनही वापस आला. पण कुंदनच्या घरी काही घ्याचं असलं का मोनू संग. मोटरसायकल, दुकानाचा टेम्पो, बाबूलालचा इन्व्हर्टरसुद्धा. कोणी चाल म्हणो ना म्हणो.

अन् या वेळेस संग अमर गेला. अमर म्हणजे कुंदनचा होणारा साळा, जवाहरनगरच्या कारखान्याच्या क्वार्टरातला. त्याच्या बहिणीसंग, करुणासंग, कुंदनचं लगन जमलं होतं. लगनाले नवरदेव आपल्याच मोठ्या गाडीतून जाईन, हे अमरच्याच डोक्यातून निंगालं होतं.

गाडीच्या पूजेले मोनू गेला. नसता गेला तं लोकं म्हणले असते जळला. गेला तरी म्हणलेच.

कुंदनच्या मायनं, कुसुमताईनं, बोनटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, चाकाखाली निंबू ठेवलं. सगळे गाडीभोवती फिरून राहिले होते.

"कशी हाये बे?" कुंदननं इचारलं.

मोनूले मस्त हाये म्हणता आलं असतं. त्याच्या तोंडात तो शब्दच येईना.

"गाडी पायाले गेला तवा इंजिन थंड होतं का गरम?"

"विकणाऱ्यानं चालू करूनच ठेवली होती ना."

"हाव, ठेवनच. इंजिनची साखळी ढिली झाली असन तं सकाळच्या पयल्या स्टार्टले खडखडते. गरम इंजिनवर कोणाले आयकू येत नाही." मोनूनं बोनट उघडलं. "अन् हे एवढं काहून चमकून राहिलं? जुनं इंजिन धुवून कोण देते? ज्याचं ऑइल गळते तो देते." मंग दार उघडून त्यानं पायाखालचं कार्पेट दाबलं. बोटं ओली झाली. "छतावरच्या काचेची पाणी जाची नळी बुजली. हे पाणी उद्या वायरिंगमंधी जाईन."

अमर हासत म्हणाला, "मोनूभाऊ, चालवून पायली आम्ही. एकदम मख्खन."

"हायवेवर मख्खनच चालन. गड्ड्यातून नेली का? दुसऱ्या गेअरातून तिसऱ्यात पडताना झटका देते का, पायलं?"

"अरे, मोनूले पाणी द्या रे कोणी," मागून एक जण बोलला. "लय जळजळ होऊन राहिली त्याले."

सगळे हासले. कुंदनही हासला. थोडासाच, पण हासला.

"बिमार गाडी घेतली तुनं," मोनू सगळ्यायसमोर म्हणाला. "या साहेबाच्या भरोशावर." अन् निंगाला. जाता जाता त्यानं गाडीकडं असं पायलं का कुसुमताईनं पदर तोंडाले लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंदन मोटरसायकलवर एकोडीले आला. उतरला, पण मोटरसायकलजवळच उभा राहिला. हातात दुकानातली प्लास्टिकची पन्नी.

"गाडी खाली बसली," तो म्हणाला. "समोरून. म्हस बसते तशी. चाकात हवा बराबर हाये, तरी बसली."

"मंग?"

"मायनं सांगतलं…" कुंदन पन्नीकडं पाहून राहिला. "थोडी माती पायजे होती."

मोनूले समजाले वेळ नाही लागला. ज्याची नजर लागली त्याच्या पायाखालची माती घ्याची, मीठमिरचीसंग ओवाळाची, चुलीत टाकाची. लहानपणी कुंदन तापानं फणफणला तवा कुसुमताईनं याच मोनूले शेजारच्या म्हातारीची माती आणाले पाठवलं होतं.

"कोण्या पायाची? डाव्या का उजव्या?"

"मले नाही माहीत बे."

"मंग दोन्हीची ने. कमी पडाले नको."

त्यानं स्वतः पाय उचलला, खालची माती खरडली अन् पन्नीत टाकली. कुंदन गेल्यावर तो तिथंच बसला. सगळ्यात वाईट हे होतं का कुंदन खोटं बोलून नव्हता राहिला. ती गाडी बिघडावी, अमरचं नाक कापलं जावं, असं मोनूले रातभर वाटलं होतं. नजर असन तं अशीच असन.

दुपारी कुंदनचा फोन आला. "उतारा केला, चाबी फिरवली अन् गाडी उठली. आपोआप, हळूहळू. माय म्हणते पाय, सांगतलं होतं ना तुले."

"उठताना घुं आवाज आला का?"

"आला. काहून?"

"काही नाही," म्हणून मोनूनं फोन ठेवला. दलालाजवळ अशी एक गाडी त्यानं पायली होती. तिले स्प्रिंगा नसते, रबराचे फुगे असते हवेचे. फुगा चिरला का उभ्या उभ्या हवा जाते, गाडी बसते. चालू केली का आतला पंप हवा भरते, गाडी उठते. माती टाका का नका टाकू. फोनवर हे सांगणं सोपं होतं. पण त्याच्या मनात दुसरंच आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो सानगडीले पोहोचला. गाडी आखीन बसली होती. अमर मुक्कामाले होता, आंगणात दात घासून राहिला होता.

"काकू," मोनू म्हणाला, "काल माई माती झाली. आज याची घ्या."

"पाव्हण्याची?" कुसुमताई दचकली. "काहीतरीच बोलते."

"घ्या ना, काकू," अमर म्हणाला अन् हासत हासत चप्पल काढून पाय समोर केला. तो हासला, हे मोनूले जास्त लागलं.

कुसुमताईनं मनाविरुद्ध ओवाळलं. कुंदननं चाबी फिरवली. घुं आवाज झाला, गाडी उठली.

मोनूले वाटलं होतं आता मजा येईन. पण कोणी हासलं नाही. कुसुमताईनं अमरकडं पायलं, मंग खाली. ती नजर मोनूले वळखीची होती, परवा ती त्याच्यावरच होती. अमरचंही हासणं गेलं. मोनूले दिसलं का ही गोष्ट आता जवाहरनगरले जाईन, करुणाच्या घरी बसन, लगनापर्यंत कोणाच्या ना कोणाच्या पोटात राहीन.

"काकू, कोणाचीच नजर नाही," मोनू बोलला. "माई नाही, त्याचीही नाही. एका भांड्यात साबणाचं पाणी द्या."

तो चाकाजवळ पालथा झाला, हात आत घातला, रबरावर फेस चोपडला. अमरनं मोबाईलचा उजेड धरला. डाव्या बाजूले बुडबुडे यायले लागले, एकामागून एक.

कुसुमताई वाकून पाहून राहिली. "अवं माय, हे तं सायकलच्या ट्यूबसारखं होय."

"हाव काकू. पंक्चर होय. महागातलं."

कुसुमताईनं हातातली मिरची परसात फेकली अन् चाय ठेवाले आत गेली. अमरही तिच्यामागं गेला, तिची समजूत काढाले.

कुंदन चाकाजवळ बसला. "तुले काल फोनवरच समजलं होतं ना?"

"हाव."

"अन् पूजेच्या दिवशी जे बोलला तेही खरं होतं."

"खरंच होतं."

"तं एकट्यात सांगाचं होतं बे. मले बाजूले घेऊन. गावासमोर कायले?"

मोनूनं साबणाचे हात पँटले पुसले.

"परवा नागपूरले नेतो फुगा बदलाले," कुंदन म्हणाला. "ऑइल, नळी, तो झटका, सगळंच दाखवून घेऊ. येशील?"

"अमर येऊन राहिला का?"

"नाही. त्याची सुट्टी संपली."

"मंग येतो," मोनू म्हणाला.