अकरा पिल्लं, चार नर

हे माझ्या नवऱ्याला ठाऊक नाही. आईला नाही. जिला मी सगळं सांगते अशी जिची समजूत आहे, त्या मैत्रिणीलाही नाही. तुम्हाला सांगायला बसले आणि तीनदा उठून पाणी पिऊन आले. गोष्ट तशी छोटी – तांदळाच्या दाण्याएवढ्या कोळ्याची.

मी आदिलाबादला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. तेलुगू मुलं मला पाठीमागे ‘सालेपुरुगु मॅडम’ म्हणतात – कोळीवाल्या मॅडम. माझा अभ्यास उड्या मारणाऱ्या कोळ्यांचा. हे जाळं विणून वाट बघत बसत नाहीत. आठांपैकी पुढचे दोन मोठे डोळे रोखतात आणि झेप घेतात. त्यांची जात रंगावरून ठरवायची नसते, रंग फसवतो. नराचे तोंडाजवळचे फुगीर स्पर्शपाद बघायचे. मादीच्या पोटाखालची जननपट्टिका सोडवून लवंगेच्या तेलात ठेवायची, आरपार दिसू लागली की सूक्ष्मदर्शकाखाली तिचं चित्र काढायचं. अडचण एकच – नर आणि मादी कधीकधी इतके वेगळे असतात, की नुसते अवयव बघून हे जोडपं आहे असं छातीठोकपणे सांगता येत नाही. त्यांना एकत्र पाहावं लागतं. अंड्यांपासून वाढवावं लागतं.

मी वाढवलं नाही. जैनथकडच्या कपाशीत मला एक तपकिरी मादी मिळाली, मग तशाच आणखी चार. कुठल्याच वर्णनाशी जुळेनात. त्याच कपाशीत एक काळा, पांढऱ्या पट्ट्यांचा नर हिंडायचा. त्याला फार पूर्वीच नाव मिळालेलं होतं आणि त्याची मादी कोणालाच ठाऊक नव्हती. आत्ता तुमच्या मनात आलं, ते तेव्हा माझ्या मनात आलं नसेल? आलं होतं. तरी मी मादीची नवी जात करून टाकली. लेख छापून आला. जातीला आईचं नाव दिलं – लोकांच्या शेतात कापूस वेचून तिनं मला शिकवलं होतं. घरी पेढे वाटले.

पुढच्या हंगामात, त्याच शेतात, तो काळा नर माझ्या मादीसमोर पुढचे पाय उंचावून नाचताना दिसला. ती पळाली नाही. तो हळूहळू जवळ आला, तिच्या पाठीवर चढला – आणि मी फुंकर मारली. दोघं पानावरून खाली पडले. कॅमेरा माझ्या गळ्यात होता.

सांगायचं एवढंच असतं तर बरं झालं असतं.

त्यानंतर शिक्षकांच्या एका प्रशिक्षणात मी बोलायला गेले. पडद्यावर माझी मादी दाखवली, शेजारी तो नर, आणि या दोन जाती कशा वेगळ्या ते समजावून सांगितलं. मागच्या रांगेतून एक बाई उठल्या. रंजनाताई – नार्नूरकडच्या मराठी शाळेत प्राथमिकच्या शिक्षिका. हातात दोनशे पानी वही, पिशवीत औषधाच्या जुन्या बाटल्या, त्यांत स्पिरिटमध्ये जपलेले कोळी.

“मॅडम, ह्या दोन जाती नाईत. नवरा-बायको हायेत हे. मी अंड्यापासून वाढवून पाह्यले.”

सगळे वळून बघू लागले. त्यांनी वही उघडली. शाळेच्या भिंतीवरची एक मादी, तिचा अंड्यांचा पुंजका, खसखशीएवढी पिल्लं, प्रत्येक पिल्लू वेगळ्या बाटलीत. सडक्या केळ्यावरची चिलटं खायला. कात कधी टाकली त्याच्या तारखा. अकरा पिल्लं जगली. शेवटची कात टाकल्यावर सात आईसारखी तपकिरी निघाली, चार काळी, पांढऱ्या पट्ट्यांची.

मी हसले. हो, हसले! म्हणाले, “ताई, बाहेरचे कोळी शिरले असतील बाटल्यांत.”

“कसे शिरतीन मॅडम? तोंडाले कापड बांधलं होतं मी.”

“घरी कोळी पाळणं वेगळं, ताई. हे शास्त्र आहे.”

अख्खा हॉल हसला. त्या बसल्या. जेवणाच्या सुट्टीत मी त्यांच्याकडे गेले – वाईट वाटलं म्हणून? नाही, भीती वाटली म्हणून. वही आणि स्पिरिटमधले मेलेले कोळी मागून घेतले. तपासून देते म्हणाले. त्यांना केवढा आनंद झाला!

मी खरंच तपासलं. चार दिवस, प्रयोगशाळेचं दार आतून लावून. त्यांच्या तपकिरी माद्या म्हणजे हुबेहूब माझी जात. त्यांचे काळे नर म्हणजे तोच जुना नर. आणि बाटल्यांच्या नोंदी इतक्या चोख, की मला कुठे बोट ठेवता येईना. मग मी लाल पेन घेतलं. पहिल्या पानावर लिहिलं – ‘नोंदी विश्वासार्ह नाहीत’. खाली सही केली, हुद्द्यासकट. वही परत पाठवली.

पाठवण्याआधी मोबाइलवर प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवला. का काढला? तेव्हा मी स्वतःला विचारलं नाही.

दोनेक वर्षांनी परराज्यातल्या संशोधकांचं पत्र आलं. त्यांनीही ही जोडी जुळवली होती. माझ्या जातीचं नाव रद्द होऊन जुन्या नावात जाणार होतं. भाषा फार अदबीची. मॅडम, तुमची स्वतःची काही निरीक्षणं असतील तर कळवाल का?

कळवली. रंजनाताईंची पानं समोर ठेवून मी एक-एक तारीख टाइप केली. लेखात छापून आलं – अकरा पिल्लं, चार नर, आणि कंसात माझं नाव. वर माझे आभार: स्वतःची चूक इतक्या मोकळेपणानं मान्य केल्याबद्दल. कॉलेजात प्राचार्यांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. मी मान खाली घालून ऐकलं. लोकांना तो विनय वाटला.

आईचं नाव पुसलं जाऊ नये म्हणून मी त्या वहीवर तसं लिहिलं, असं बरेच दिवस मनाला सांगत होते. नाव गेल्याचं आईला सांगितलं तर ती शेंगा सोलता सोलता म्हणाली, “कोळ्याले मायं नाव असलं काय अन नसलं काय?” मग तीही सबब राहिली नाही.

गेल्या थंडीत उटनूरच्या बस स्टँडवर रंजनाताई भेटल्या. त्यांनीच हाक मारली. मी विचारलं – विचारायला नको होतं – कोळी अजून ठेवता का?

“नाई मॅडम, सोडलं ते. बाटल्या देऊन टाकल्या.” मग माझ्या दंडाला हात लावून म्हणाल्या, “तुमी तवा सांगितलं ते बरंच झालं. नाईतर पोराईले चुकीचंच शिकवत राह्यली असती मी.”

मी म्हणाले, “हो.”

दोघींनाही हवी होती ती आदिलाबादची गाडी आली. गर्दी फार होती. त्यांनी खिडकीतून रुमाल टाकून माझ्यासाठी जागा धरली, स्वतः उभ्या राहिल्या. मी बसले.