डिकी हळू लाव

क्वाकू न्तिमच्या टॅक्सीच्या मागच्या काचेवर ‘घाई कशाला’ असं रंगवलेलं होतं, म्हणून कुमासी शहरातल्या टॅक्सीच्या अड्ड्यावर सगळे त्याला त्याच नावाने हाक मारत. धंदा सोडून बरीच वर्षं झाली, अक्षरं अर्धीअधिक उडाली, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. आणि डिकी आपटण्यात तर त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. सामान भरलं की धाड! गाडी निघाली, हे त्या आवाजावरूनच गिऱ्हाइकाला कळायचं.

आपटून आपटून डिकीचं लॅच खिळखिळं झालं. एकदा एजुराच्या रस्त्यावर डिकी आपोआप उघडली आणि त्याच्या बायकोची, कोनामाची, टोमॅटोची पाटी मागे सांडली. पाठोपाठ येणाऱ्या लॉरीने टोमॅटोंचा लगदा केला. कोनामा भांडली नाही. एवढंच म्हणाली, "हे नीट करून घे. आणि डिकी हळू लावत जा जरा." क्वाकूने सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून डिकी बांधली. म्हणाला, "उद्या बघतो."

आता कोनामा मांपाँगला, माहेरच्या गावी, शवागारात होती. उद्या तिची माती होती.

तिला सजवणं, पुरणं क्वाकूच्या हातात नव्हतं. त्यांच्या रीतीत बाई आईच्या कुळाची, पोरंही त्याच कुळाची, आणि मातीही त्या कुळानेच करायची. नवऱ्याने द्यायच्या त्या फक्त शेवटच्या वस्तू: नेसवायचं कापड, चटई, उशी, अंघोळीचा साबण, अंग घासायची जाळी, बादली. आज दिवस मावळायच्या आत त्या सगळ्यांसमोर तिच्या माणसांच्या हाती द्यायच्या. मग नवरा म्हणून करण्यासारखं काही उरत नव्हतं. पण मांपाँगच्या रस्त्याची तांबडी धूळ पट्टीने बांधलेल्या डिकीत शिरणारच होती. मळलेलं कापड घेऊन तो तिच्या दारात उभा राहणार नव्हता.

म्हणून सकाळीच त्याने अंगणात पोतं अंथरून लॅच सोडवलं. शेजारचा म्हातारा शिंपी ग्यिमा स्टूल घेऊन येऊन बसला.

"काय रे ‘घाई कशाला’, आज कसली घाई?" तो सवयीने बोलून गेला आणि मग खाली बघत राहिला.

"स्प्रिंग मेलीय," क्वाकू म्हणाला.

"मेकॅनिककडे टाक की."

"नाही. मला सांगितलं होतं तिने."

रॉकेलमध्ये बुडवून त्याने लॅचच्या आकड्यातली धूळ आणि जुनं ग्रीस ब्रशने घासून काढलं. मोडलेल्या स्प्रिंगच्या जागी जुन्या सायकलची स्प्रिंग पकडीने वाकवून बसवली. लॅच जागेवर आवळलं. चावीचं कुलूप कधीचंच गंजून बसलं होतं. डिकी उघडायची ती फक्त सीटखालच्या खटक्याच्या वायरने. ती वायर तेवढी लावायची राहिली. त्याआधी सगळं मावतंय का बघावं म्हणून त्याने वस्तू आत रचल्या, कापड सगळ्यांत वर.

तेवढ्यात फाटकातून हाक आली. "भावोजी, निघायचं ना?" कोनामाची धाकटी बहीण पोकुआ, काळ्या कपड्यांत. हवाली करण्याआधी तिने कापड असं उघड्यावर पाहू नये, एवढंच क्वाकूच्या मनात आलं. हात मात्र अड्ड्यावरचाच निघाला. धाड!

लॅच अगदी नव्यासारखं बसलं. त्याने खटका ओढला. खटका ढिला, हलका. वायर आत लोंबकळत होती.

"उघडत नाही?" पोकुआने विचारलं.

"वायर लावली नव्हती."

"आणि आपटली?" पोकुआ कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "ताईनं जन्मभर तेच सांगितलं ना हो तुम्हाला! तिकडे सगळे अंगणात बसलेत. काय सांगू? नवऱ्याने दिलंय, पण डिकीत आहे?"

ग्यिमा पुटपुटला, "पहार आणू का?"

"पहार नको. पत्रा फाटेल." क्वाकूने मागची सीट उपसली, सीटच्या पाठीचे बोल्ट सोडून ती काढली आणि त्या भोकातून डिकीत सरपटला. गुडघे वाकत नव्हते, श्वास पुरत नव्हता. आत मिट्ट काळोख. गाल कापडाच्या घडीला लागला, नाकात साबणाचा वास भरला. तिला आवडायचा तोच साबण त्याने शोधून आणला होता. स्क्रू-ड्रायव्हर हातात होता, आकडा बोटांना लागत होता. तरी तो तसाच पडून राहिला.

"भावोजी?" पोकुआचा आवाज उतरला होता. "लागलं का हो कुठे?"

त्याने आकडा ढकलला. डिकी वर गेली, उजेड डोळ्यांत घुसला. पोकुआने त्याचा चेहरा पाहिला आणि त्याच्या अंगाखालून कापड काढून घेतलं. झटकलं, पुन्हा घडी घातली.

त्याने वायर लावली. डिकी उघडी ठेवूनच आकडा स्क्रू-ड्रायव्हरने मिटवला, खटका ओढला, सुटतोय हे पाहिलं. पुन्हा एकदा पाहिलं. मग दोन्ही तळहात टेकवून डिकी खाली आणली. टक.

"येतं की तुम्हाला," पोकुआ म्हणाली आणि तोंड फिरवून गाडीत जाऊन बसली.

मांपाँगला बायकांनी एकेक वस्तू वर धरून सगळ्यांना दाखवली. कापडावर धुळीचा कण नव्हता. नवऱ्याने नीट दिलं, असं घरातल्या वडीलधाऱ्या बाईने मोठ्याने सांगितलं, आणि वस्तू आत गेल्या. दार लोटलं गेलं.

क्वाकू गाडीपाशी आला. डिकी रिकामी होती. त्याने ती हळू लावली. टक झालं, पण ते ऐकायला तिथे कुणी नव्हतं.