आमदारांच्या कोठीतलं पत्र

सेहेचाळीसच्या निवडणुकीनंतर आमचे आमदार गावात एकदाच आले, तेही सत्कार घ्यायला. मी तेव्हा लोणंदजवळच्या त्या गावात शाळामास्तर होतो. मानपत्र मीच लिहिलं. त्यातला एकही गुण मी स्वतः पाहिलेला नव्हता.

शेजारच्या आबांचा मुलगा पलटणीबरोबर ब्रह्मदेशात गेला होता. तो जखमी झाल्याचं पलटणीचं पत्र आलं, आणि पुढे वर्षभर काहीच नाही. जिवंत आहे की नाही एवढंच आबांना हवं होतं. मी अर्ज लिहून दिला. सोबत जोडायला पत्राची नक्कल करतो म्हणालो, तर आबा थांबलेच नाहीत. सत्कारात त्यांनी अर्जाबरोबर मूळ पत्रच दोऱ्यानं बांधून देऊन टाकलं.

"आवं मास्तर, मोठ्या माणसाला नक्कल कशी द्यायची? खोटं वाटंल त्यास्नी."

मुलाचा पलटणीतला नंबर त्या दोन कागदांवरच होता, आणि नंबराशिवाय पलटणीला विचारताही येणार नव्हतं. मुलाच्या जुन्या पत्रांची पाकिटं कधीच चुलीत गेली होती. आमदारांनी कागद कपाळाला लावले आणि मागे नारळ गोळा करणाऱ्या माणसाच्या हाती दिले. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

मी तीन स्मरणपत्रं पाठवली. तिन्हींना एकाच ओळीचं कार्ड आलं: 'आपला अर्ज विचाराधीन आहे.' दुसऱ्या कार्डावरची तारीख माझ्या स्मरणपत्राच्या आदल्या दिवसाची होती. म्हणजे कार्डं आधीच लिहून ठेवलेली असणार.

शेवटी आम्ही दोघं कागद परत मागायला साताऱ्याला आमदारांच्या घरी गेलो. ओसरीवर कारकून होता.

"साहेब मुंबईला गेलेत."

आत कोणीतरी मोठ्यानं खाकरलं.

"मग आत कोण हाय?" आबांनी विचारलं.

"पाहुणे आहेत."

"ह्यो आवाज तर आमी इलेक्शनात लय ऐकलाय," असं म्हणून आबा पायरीवर बसले. "पाव्हण्यास्नी सांगा, कागद घेतल्याबिगर म्हातारा उठत न्हाई."

तासाभरात आणखी चार माणसं भेटायला आली. आबा प्रत्येकाला सांगू लागले, "साहेब न्हाईत. पाव्हणे हायत, खाकरत्यात." तेव्हा कारकून उठला आणि आम्हाला मागच्या कोठीत घेऊन गेला. तिथे सत्काराचे नारळ होते, उपरणी होती, सुकलेले हार होते. एका पोत्यात गावोगावचे अर्ज होते. आमचा तळाशी सापडला. त्यावर कुंकू सांडलं होतं. आबांनी बांधलेला दोरा जसाच्या तसा होता.

आबांनी दोन्ही कागद बंडीच्या आतल्या खिशात घातले.

"अर्ज राहू द्या," कारकून म्हणाला. "त्यावर कारवाई चालू आहे."

"व्हय, बघितली की."

साताऱ्याच्याच पोस्टात बसून मी पलटणीच्या कचेरीला नंबर घालून पत्र लिहिलं. तीन आठवड्यांत उत्तर आलं. मुलगा पुण्याच्या लष्करी दवाखान्यात होता. एक पाय कापला होता, पण प्रकृती ठीक होती. भेटीला यायला हरकत नव्हती. मी ते आबांना चार वेळा वाचून दाखवलं. पाचव्यांदा त्यांनी पाय सोडून बाकीचंच वाचायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी लोणंद स्टेशनवर त्यांना गाडीत बसवलं. खिडकीतून वाकून ते हळूच म्हणाले,

"मास्तर, आमदारास्नी एवढ्यात कळवू नगा. सत्काराला येत्याल, आन् पोराला तासभर एका पायावर उभं करत्याल."