जोडणी तोडून भरलेल्या ओळी

जोडणी तुटली तरी काम अडत नाही, असं संगणकाच्या एका नव्या साधनाच्या माहितीपुस्तकात मोठ्या कौतुकानं छापलं होतं. मी रामनगरचा. मला हसूच आलं. आमच्या जोयडा तालुक्यात जोडणी होती कधी, की ती तुटावी! धरण आमच्या नदीवर, वीज राज्यभर, आणि गुंद गावाकडच्या घरांत रॉकेलच्या चिमण्या.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. वीज द्यायची म्हणून वीज नसलेली घरं नोंदवणाऱ्या एका कचेरीत मी प्रोग्रॅमर होतो. साधन मात्र खरंच गुणी. मोठ्या संगणकातल्या ओळी, दर घरामागे एक, लॅपटॉपमधल्या रिकाम्या संचात भरायच्या, वायर काढायची आणि रानात कुठंही बसून त्या दुरुस्त करायच्या. परत जोडलं की दुरुस्ती मूळ जागी जाते. पण मध्यंतरी मूळ ओळ तिकडं कुणी बदलली, तर खरं कुणाचं, हे प्रोग्रॅमला आधीच सांगून ठेवावं लागतं. साहेब म्हणाले, "कचेरीचं खरं." मी हुज्जत घालून पाहिली, पण शहाणपण वरच्या खुर्चीचं.

गुंदला पहिलं घर माझ्या मामांचं. शेत सुप्याच्या धरणाच्या पाण्याखाली गेल्यावर ते इथं येऊन राहिले होते. डोळे अधू झालेले. मरायच्या आधी घरात एक बल्ब लागलेला बघायचा, एवढीच त्यांची हौस. मी लॅपटॉप मांडीवर घेऊन रीतसर विचारलं, "मामा, घरात करंट आहे?"

"व्हय."

"कुठं आहे?"

"न्हाई रे. पर दारात आल्याल्याला न्हाई कसं म्हणायचं?"

तिकडची रीतच ती. उपाशी माणसाला जेवलास का विचारा, व्हयच म्हणेल. मी डोळ्यांवर भरवसा ठेवला आणि घराघरापुढं 'नाही' भरत गेलो.

कचेरीत येऊन वायर जोडली, तर एकही दुरुस्ती आत जाईना. मी रानात होतो तेवढ्यात कचेरीच्या कारकुनानं पंचायतीत बसून हाच प्रश्न विचारला होता. सगळ्यांनी 'व्हय' म्हणून त्यालाही पाहुण्याचा मान दिला होता, आणि त्यानं मूळ ओळींत 'आहे' भरून टाकलं होतं. प्रोग्रॅम इमानी. कचेरीचं खरं.

मी साहेबांशी भांडलो. शेवटी ते म्हणाले, "चला, मीच विचारतो." मी आधी जाऊन मामांचे पाय धरले. "आजच्या दिवस न्हाई म्हणा." मामांनी मान डोलावली.

साहेब जीपनं आले. भर दुपारी आत इतका काळोख की दाराच्या चौकटीवर त्यांचं कपाळ आपटलं. मामींनी गूळपाणी दिलं. कपाळ चोळत साहेबांनी विचारलं, "करंट आहे ना, आजोबा?"

मामा माझ्या दिशेनं वळले. मग साहेबांच्या दिशेनं.

"व्हय साहेब. तुमच्या किरपेनं."

साहेबांनी माझ्याकडं विजयानं पाहिलं आणि भिंत चाचपत बाहेर गेले.

"मामा, गेला तुमचा बल्ब!" मी ओरडलोच.

"त्येंच्या कपाळाला लई लागलं रे," मामा म्हणाले. "जा, हळद लाव जा."

रागानं रडू आवरत नव्हतं, आणि मी हळदीची वाटी घेऊन जीपमागं धावत होतो.