चालतंय की

सहलीच्या कंपनीतल्या मुलीचा पुण्याहून फोन आला, तेव्हा मी जेवत होतो. ज्येष्ठ जोडप्यांची सहल होती. बोटीतून मगरी नि पक्षी बघायचे आणि रोज किनाऱ्याला उतरून जंगलातला डोंगर चढायचा.

"काका, रोज आठ किलोमीटर चालणं होईल ना?"

"चालतंय की!" मी म्हणालो. आम्हा सोलापूरकरांच्या तोंडून हे उत्तर प्रश्न संपायच्या आतच बाहेर पडतं. त्या बिचारीने ते शब्दशः घेतलं. मेलवर आलेल्या फॉर्मात लिहिलं होतं, "काका रोज आठ किलोमीटर चालतात."

ते वाचून बायकोला हसता हसता ठसका लागला. ती खरंच रोज तलावाला दोन फेऱ्या मारते. मी तिला स्कूटरवर तिथं सोडतो आणि ती येईपर्यंत कठड्यावर बसून कणीस खातो.

तिचं हसणं मला झोंबलं. तडक रिक्षा करून नवी पेठेत गेलो, डोंगर चढायचे चांगले दणकट बूट घेतले आणि पायात घालूनच दुकानाबाहेर पडलो. घर तिथून जेमतेम दहा मिनिटांवर. मघाचाच रिक्षावाला समोर उभा होता.

"काका, सोडू का घरी?"

"चालतंय की," मी म्हणालो.